गालजीबागेचा किनारा

गोव्याच्या काणकोण तालुक्यात गालजीबाग नदी समुद्रास मिळते. मुखाशी तिवरांची दाटी, किनाऱ्यास सुरूचे बन. नोव्हेंबर ते मार्चच्या रात्री ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येथे वर येतात, वाळूत सुमारे १०० अंडी पुरतात आणि मागे न पाहता परततात. ४५ ते ६० दिवसांनी पिले निघतात व उजेडाकडे धावतात. परमेश्वराने हा उजेड समुद्रावरचा नेमला. दिवा जमिनीवर असला तर पिले उलटी वळून मरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या जिवास संरक्षण आहे. परंतु कायदा रात्री वाळूवर जागत बसत नाही!

आम्ही उतरलो त्या घरधन्याने बनाच्या अलीकडे, नदीच्या अंगास, पाहुण्यांसाठी चार राहुट्या घातल्या आहेत. सायंकाळची जपमाळ झाली की शेकोटी विझते, कुत्री बांधली जातात, कंदिलावर तांबडे कापड चढते. काही पाहुणे कुरकुरतात, पुन्हा येत नाहीत. आमच्या मते हा तोटा त्याने पत्करला हे योग्यच. पण घरात दोन मुली शिकत आहेत, हेही खरे. थोरला मुलगा म्हणतो, राहुट्या वाळूच्या कडेस नेऊन विजेचे दिवे लावू. बापाने अद्याप होकार दिलेला नाही.