रेघेच्या आत

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी-उंदेरी आणि पाठीशी नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. मधली एक रेघ मात्र दिसत नाही. ती सरकारी नकाशावर आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथून ती मोजायची. १९९१ च्या किनारा नियमनाने ग्रामीण भागात तिच्यापासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद केले. बरेच केले! नाहीतर आम्हां मुंबईकरांनी वाळूवर बंगल्यांची भिंतच उभी केली असती. पण माझ्या आत्येभावाचे वडिलार्जित घरही त्याच २०० मीटरांत. थोरल्याचे लग्न ठरले आहे, एक खोली वाढवायची आहे. डागडुजी चालते, वाढ चालत नाही.

२०१९ च्या नियमांनी दाट वस्तीच्या गावांपुरती ही हद्द ५० मीटरांवर आणली. दाट म्हणजे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक माणसे. मी हे आत्याला समजावून सांगितले. ती सुपारी कातरता कातरता थांबली.

"मोजायला आले कधी रे ते?"

"फेब्रुवारीत."

"मग कसली माणसे सापडणार? गणपतीत यायचे होते!"