कागद ऊना का?

विसरवाडीला आमचं घर सुरत-धुळे रस्त्याला लागून. रात्री जेवणं झाली की आप्पा ओट्यावर बसत. कोंडाईबारीचा घाट उतरून आलेल्या ट्रकचे दिवे लांबून दिसू लागत आणि गाडी भरलेली की रिकामी, हे आप्पा नुसत्या आवाजावरून सांगत. येणाऱ्या गोष्टीकडे डोळे लावून बसायची सवय मला त्याच ओट्यावर लागली.

म्हणूनच असेल, १९९७ साली पुण्यात कॉलेजच्या लॅबमध्ये नेटस्केप हा ब्राउझर पहिल्यांदा उघडला, तेव्हा पडद्यावर कुठलं पान आलं ते आठवत नाही. आठवतं ते उजव्या कोपऱ्यातलं एन हे अक्षर. रात्रीच्या क्षितिजावर ते उभं असे. पान यायला लागलं की त्याच्यामागे उल्का पडत, पान आलं की आकाश पुन्हा शांत.

इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा आधीचा ब्राउझर घडवणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन अवघा बावीस वर्षांचा असताना, एप्रिल १९९४ मध्ये, त्याने आणि जिम क्लार्कने नेटस्केप ही कंपनी काढली. ९ ऑगस्ट १९९५ ला २८ डॉलरचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ५८ च्या वर बंद झाला. त्यानंतर सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. या दोन तारखा मला कधी वेगळ्या करताच आल्या नाहीत. तिकडे त्या पोरांचं नशीब उघडलं आणि इकडे आमचंही दार किलकिलं झालं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजसोबत फुकट दिला. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये खटला भरला, पण निकाल लागेपर्यंत नेटस्केप एओएल या दुसऱ्या कंपनीच्या घरी गेली होती. तरी सगळा दोष बाहेरच्यांवर टाकायला माझं मन तयार होत नाही. चौथी आवृत्ती जड झाली, मध्येच बंद पडायची. मग जुना कोड बाजूला सारून नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही, सहावीला नोव्हेंबर २००० उजाडला. एवढी वर्षं कोण थांबणार?

त्या चौथीवर माझा जीव मात्र होता. तेव्हा मराठी साइटींचे फॉन्ट वेगवेगळे. फॉन्ट नसला की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. चौथीत पानासोबतच फॉन्ट येण्याची सोय होती.

१९९९ च्या उन्हाळ्यात नोकरीचं उत्तर ईमेलने यायचं होतं. एस.टी.ने घाट चढून आप्पा माझ्यासोबत धुळ्याला आले. कॅफेत माझ्या शेजारी स्टुलावर बसले.

"कागद ऊना का रे?"

"येतोय, आप्पा."

"तुला काय माहीत?"

मी कोपऱ्यातल्या उल्का दाखवल्या. त्यानंतर त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. बोट न लावता, वाकून, ते त्या उल्का पाहत राहिले. मध्येच एकदा हळूच म्हणाले, "येई ऱ्हायना."

१५ जुलै २००३ ला एओएलने नेटस्केपची उरलीसुरली माणसं कमी केली. त्याच दिवशी मोझिला फाउंडेशन उभं राहिलं आणि त्या घराण्यातूनच पुढे फायरफॉक्स आला. वंश टिकला, असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण फायरफॉक्समध्ये उल्का नव्हत्या.

२००७ च्या पावसाळ्यात आप्पा गेले. १ मार्च २००८ ला नेटस्केपची देखभालही थांबली.

गेल्या दिवाळीत माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला. बराच वेळ घेऊन तो चालू झाला. जोडायला वायर नव्हती, तरी नेटस्केप उघडला, एक पत्ता लिहिला. काही क्षण उल्का पडल्या, मग सर्व्हर सापडत नसल्याची पाटी आली. पाटी घालवली आणि पुन्हा तोच पत्ता लिहिला.

बाहेर घाटाकडून एक ट्रक येत होता. भरलेला होता.