परिग्रहाचे परिमाण आणि विमा

नवी पेढी उघडणारा तरुण जागेचे भाडे, मालाची खरेदी आणि उधारीची मुदत यांचा हिशेब चोख मांडतो. विम्याचा विषय निघाला की मात्र घरातील वडीलधारे म्हणतात, "कर्मात असेल ते चुकत नाही." कर्मसिद्धांताचा हा अर्थ अपुरा आहे. उदय कर्माचा असला तरी पुरुषार्थ माणसाचा असतो. पाणी गाळून पिणाऱ्या श्रावकाला यत्नाचार कोणी शिकवावा लागत नाही. दुकानातही तो पाळला पाहिजे.

कायद्याची सक्ती मोजकीच आहे. मालवाहू टेम्पोला त्रयस्थ पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अनिवार्य आहे. कामावर असताना कामगाराला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. विमा नसेल तर ती रक्कम गल्ल्यातून जाते. कॅश क्रेडिट देणारी बँक नजरगहाण मालाचा विमा मागतेच.

फसगत होते ती पुढे. अनेक दुकानदार विमा कर्जाच्या रकमेपुरताच उतरवतात. माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा आणि आगीत नुकसान १० लाखांचे, तर सरासरीच्या नियमाने हाती ५ लाखच येतात. एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तीत आग, पूर यांचे संरक्षण मिळते आणि १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. त्याहून अधिक नाही. घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. २०१९ च्या महापुरात सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली गेली, हे व्यापारी विसरलेले नाहीत.

परिग्रह-परिमाण व्रत घेणाऱ्याला आपल्यापाशी काय आणि किती आहे, हे आधी मोजावे लागते. विम्यालाही तेच मोजमाप हवे असते. कर्जाची मर्यादा वाढावी म्हणून बँकेला माल जास्त दाखवायचा आणि हप्ता वाचावा म्हणून विमा कंपनीला कमी, या व्यवहारात सत्याणुव्रताला बाधा येते. आग लागल्यावर सर्वेक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवतो, तेव्हा भरपाईही अडकते आणि पतही जाते.

म्हणून वहीपूजनाच्या दिवशी साठ्याची वही, बँकेचे विवरण आणि पॉलिसी एकत्र पाहावीत. हंगामातील सर्वाधिक माल धरून विम्याची रक्कम ठरवावी. तिन्ही कागदांवरचा माल एकच असेल, तर आपत्तीनंतरही पेढीचे दार पुन्हा उघडता येते.