उडालेल्या टोप्या

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, दारू, गोळी आणि बुडाशी बसवलेला प्रायमर. बार झाला की गोळी जाते, दारू जळून जाते. पुंगळी मागे राहते आणि नीट सांभाळली तर पुन्हा पुन्हा भरता येते. घरी काडतुसं भरण्याचा, म्हणजे रिलोडिंगचा, सगळा उद्योग या पितळेच्या चिवटपणावर चालतो. उरतो प्रायमर. तो उडून जात नाही, जळून संपत नाही आणि पुन्हा कामालाही येत नाही. प्रेसचा दांडा ओढला की बारीक पिन पुंगळीत शिरते, त्याला आतून ढकलते आणि तो कुठंतरी पडतो. कुठं पडतो, याची फिकीर न करणारे पुष्कळ लोक पाहिले. माझ्या टेबलाची मांडणी मात्र त्या एका जागेवरून ठरलेली आहे.

मी पोंभुर्ण्याचा. बरीच वर्षं ओहायोत राहतो. भारतात काडतूस भरणं म्हणजे कायद्याच्या नजरेत दारूगोळा तयार करणंच. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो, त्यामुळे आपल्याकडे हे काम घरातल्या टेबलावर दिसत नाही. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भरून विकायचं असेल तर लागतो. ओहायोत एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथं भरू लागल्या. मला या नादाला लावलं ते त्या मैदानानं आणि शेजारच्या एका म्हाताऱ्यानं. लोकांना वाटतं, घरी भरणं पैसे वाचवायला. पैसे काही फार वाचत नाहीत. वाचलेच तर जास्त बार उडवण्यात जातात. खरी ओढ असते ती एकसारखेपणाची. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखं वागलं पाहिजे.

आई फोनवर एकदाच म्हणाली होती, ‘काहून रे बाबू, तिकडंही डुकरं येतेत का धानात?’ तिच्या लेखी बंदुकीचं दुसरं काम नव्हतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलकाठच्या गावांत रानडुक्कर एका रात्रीत शेत उलथून टाकतं. शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती बंदूक म्हणजे आमच्याकडची भरमार. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या, छर्रे गजानं ठासायचे, मागच्या निपलवर तांब्याची टोपी चढवायची, घोडा ओढायचा. बार झाला की टोपी फाटून निपलला चिकटून राही. म्हातारी माणसं ती नखानं उडवून देत आणि आम्ही पोरं उचलून घेत असू. पुढं १९७२ चा वन्यजीव कायदा आला, नक्षल चळवळीत याच भरमारा जंगलात गेल्या आणि अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीतल्या कितीतरी गावकऱ्यांनी त्या आपणहून पोलिसांकडे जमा केल्या. मी इथं ज्या वस्तूचा बंदोबस्त करत बसतो, ती त्या टोपीचीच पुढची पिढी.

या वंशाचा मूळपुरुष अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा स्कॉटिश पाद्री. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौक. चकमकीच्या बंदुकीत आधी कानाशी ठिणगी दिसे, मग बार होई. मधल्या क्षणात पाखरू सावध होऊन पाण्यात बुडी मारी. या रागातून त्यानं आघातानं पेटणारी दारू वापरून नवा खटका केला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पाखरांची वेळ चुकवायला निघालेल्या पाद्र्यानं पुढच्या दोनशे वर्षांची युद्धं बदलून ठेवली, हे मला अजून जरा विनोदीच वाटतं.

आजचा प्रायमर मसुराएवढा. मोठ्या रायफलीचा सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, छोटा साडेचारच्या आत. पातळ धातूची वाटी, तिच्यात कणभर स्फोटक मिश्रण आणि वर बसवलेली इवलीशी ऐरण. बंदुकीची पिन वाटीला बाहेरून ठोसा देते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं, ज्वाला पुंगळीच्या बुडातल्या भोकातून दारूपर्यंत पोचते. बार झाल्यावर वाटीवर पिनेचा खळगा राहतो आणि आत काळी राख.

त्या राखेचीच मला काळजी. नेहमीच्या प्रायमरमधल्या मिश्रणात लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. लेड म्हणजे शिसं. पूर्वी पारा असे. तो पितळेत शिरून तिला ठिसूळ करी, म्हणजे पुंगळी पुन्हा भरायच्या लायकीची राहत नसे. पोटॅशियम क्लोरेटचं मिश्रण आलं, त्याची राख नळीत ओल धरून गंज चढवी. शिशाच्या मिश्रणानं हे दोन्ही त्रास मिटवले. पुंगळी वाचली, नळी वाचली. आता जपायचं ते माणसाला. नवख्याला दारूच्या डब्याची भीती वाटते. दारूचा डबा झाकण लावून, ठिणगीपासून दूर ठेवला की बिचारा काही करत नाही. शिसं मात्र बोटांवरून कपात, बुटांवरून जिन्यानं वर आणि तिथून गालिच्यावर रांगणाऱ्या पोरापर्यंत जातं, आणि जाताना कसलाच आवाज करत नाही.

मुलगा लहान असताना इथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं होतं, घरात भारतातून आणलेली हळद, सिंदूर, काजळ आहे का? आपल्याकडच्या या वस्तूंत शिसं सापडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून भारतीय कुटुंबांना हे विचारतात. मी म्हटलं, हळद आहे आणि तळघरात आणखी एक गोष्ट आहे. त्या लिहिता लिहिता थांबल्या. मुलाचं रक्त तपासलं, ठीक निघालं. पण त्या दिवसापासून प्रायमर काढायचं काम बेसमेंटमधून गॅरेजात गेलं आणि अजून तिथंच आहे. २०२१ मध्ये इथल्या रोगनियंत्रण केंद्रानं मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी दर डेसिलिटरला पाचवरून साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणली. तेव्हा मला गॅरेजातली ती थंडी जरा कमी बोचली.

आता यंत्राकडे येतो. साध्या एकपदरी प्रेसवर दांडा ओढला की रॅम वर जातो, पुंगळी डायमध्ये, म्हणजे वरच्या साच्यात, शिरते आणि प्रायमर खाली पडतो. जुन्या घडणीत तो रॅमच्या समोरच्या खाचेतून घरंगळत पुढं लावलेल्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या ताटलीत यावा, अशी कल्पना. काही येतात. बाकीचे ताटलीच्या कडेवर आपटून टेबलाखाली पसार होतात आणि प्रत्येक जण जाताना चिमूटभर राख सांडतो. त्यापेक्षा पोकळ रॅम बरा. ली कंपनीच्या क्लासिक कास्टमध्ये प्रायमर रॅमच्या आतूनच खाली जातो आणि नळीत साठतो. फोर्स्टरच्या को-अॅक्समध्ये सरळ खालच्या भांड्यात पडतो. माझ्या प्रेसची नळी मी लांब केली आहे आणि तिचं टोक झाकणाला भोक पाडलेल्या बरणीत सोडलं आहे. बरणीत तळाशी थोडं पाणी. पाण्यात पडलेली राख उडत नाही. लोक हसतात, हसू देत.

दांडा एकदा ओढला की चार-पाच कामं उरकणारे मोठे प्रेसही असतात. त्यांच्यावर प्रायमर काढणं हे पहिलंच काम, आणि तीच राख फिरत्या तबकडीत, नव्या प्रायमरच्या वाटेत जाऊन बसते. मग प्रायमर नीट बसेना की माणूस डायला दोष देतो. मी पुंगळ्या आधी वेगळ्या काढून घेतो, दुसऱ्या छोट्या प्रेसवर, नुसत्या पिनेच्या डायनं. मग धुतो. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात कोरड्या घोळवल्या की पितळ छान चमकतं खरं, पण भुसा शिसं धरतो आणि डबा उघडताना धूळ तोंडावर येते. पाण्यात, स्टीलच्या बारीक काड्या घालून घोळवल्या तर धूळ नाही. गढूळ पाणी मात्र भाज्यांच्या वाफ्यात ओतायचं नाही. झाडू वर्ज्य, ओलं फडकं. टेबलापाशी चहा नाही. गॅरेजचे बूट गॅरेजात. हा शेवटचा नियम बायकोनं केला आणि तो मोडायची माझी छाती नाही.

प्रायमर काढण्याआधी एक काम राहून जाऊ नये: त्याचा चेहरा वाचणं. बरणीत पडला की तो कोणत्या पुंगळीचा, कोणत्या भरणीचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मैदानावरच, पुंगळी हातात असताना बघायचं. कडा गोल आणि पिनेचा खळगा स्वच्छ असेल तर ठीक. कडा दाबून सपाट झाल्या असतील, खळग्याभोवती ज्वालामुखीसारखा ओठ उठला असेल, तर दाब वाढला असावा. वाटीला भोक पडलं असेल तर त्या दिवसाचा खेळ तिथंच बंद. आणि प्रायमर बुडातून किंचित बाहेर डोकावत असेल, तर दाब कमीही असू शकतो. .३०८ विंचेस्टरचा कमाल दाब चौरस इंचाला ६२ हजार पौंड धरला आहे, .४५ ऑटोचा २१ हजार. एवढा फरक एका मसुराच्या तोंडावर वाचायचा म्हणजे ज्योतिषच. वाटीचं पितळ कुणाचं मऊ, कुणाचं कडक. बंदुकीच्या पिनेचं भोक ढिलं असलं तरी ओठ उठतो. म्हणून मी प्रायमरला साक्षीदार मानतो, न्यायाधीश नाही. निकाल पुस्तकातल्या आकड्यांवर आणि वेगमापकावर.

एका जत्रेवजा शस्त्र-प्रदर्शनात .३०३ च्या पुंगळ्यांच्या ढिगात मला बुडावर ‘केएफ’ कोरलेल्या सापडल्या. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. १८६९ चा दारूगोळा कारखाना. मी त्या घेतल्या आणि त्यांचे प्रायमर आजतागायत काढले नाहीत, कारण त्या बर्डन पद्धतीच्या. गंमत अशी की इंग्रज एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन यांनी १८६६ च्या सुमारास एकाच प्रश्नाची दोन उत्तरं काढली. बॉक्सरनं ऐरण प्रायमरमध्येच ठेवली, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक पुरतं आणि पिन सरळ शिरते. बर्डननं ऐरण पुंगळीतच घडवली. भोकं दोन, बाजूला. तिथं माझी पिन घातली तर ती ऐरणीवर आपटून मोडते. इंग्रजाची पद्धत अमेरिकेनं उचलली, अमेरिकनाची युरोपातल्या फौजांनी. खडकीच्या .३०३ पुंगळ्याही बर्डनच्याच वाटेनं गेल्या. त्यांचा प्रायमर आकड्यानं उचकटावा लागतो किंवा पुंगळीत पाणी भरून दट्ट्यानं ठोकून उडवावा लागतो. तेवढी हौस मला नाही.

भरलेली बरणी शेवटी भंगारात जाते. हजार प्रायमरांचं वजन तीनेकशे ग्रॅम, म्हणजे पैसे विचारू नका. भंगारवाल्याला भीती एकच: त्यात एखादा न उडालेला असेल तर? भीती रास्त आहे. असा एक प्रायमर भट्टीत किंवा दाबयंत्रात गेला तर कुणाच्या तरी डोळ्यावर येईल. तेलात बुडवला की मरतो, असं बरेच जण सांगतात. त्यावर मी विसंबत नाही. काही कारणानं जिवंत प्रायमर काढावाच लागला तर चष्मा लावून, दांडा सावकाश दाबून, एक-एक काढायचा आणि या बरणीत अजिबात टाकायचा नाही. त्यासाठी दुसरी डबी आहे, तिच्यावर लाल पट्टी. विकण्याआधी बरणीतला माल पाणी काढून, वाळवून, हातमोजे घालून दिव्याखाली ट्रेमध्ये पसरतो आणि प्रत्येकावर पिनेचा खळगा आहे ना, ते पाहतो. वाटी पालथी पडलेली असली तर उलटी करून पाहतो. मुलगा आता कॉलेजात आहे. सुट्टीत आला की लांबून विचारतो, एवढ्याशा पितळेसाठी एवढा वेळ? तो चष्मा घालून आला तर त्यालाही अर्धा ट्रे देतो.