एका स्क्रूसाठी

आमच्या घरचा डेस्कटॉप सुरू करून गॅसवर चहा ठेवला तर चहा आधी व्हायचा. म्हणून मे महिन्यात मी एक एसएसडी मागवली. मदरबोर्डवर तिची जागा पहिल्यापासून रिकामीच होती. खोकं उघडलं तर आत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एक चपटी वस्तू आणि घडी घातलेला कागद. बस्स. स्क्रू नाही.

तो सोबत सहसा येतच नाही, हे नंतर कळलं. तो मदरबोर्डच्या खोक्यात, एका इवल्याशा प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. आमचं ते खोकं कोणत्या दिवाळीच्या साफसफाईत गेलं, हे घरात आता कुणीही कबूल करत नाही.

ज्यांनी ही एसएसडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हिला एम डॉट टू म्हणतात. रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०, म्हणून हिच्या मापाचं नाव २२८०. एक टोक खाचेत तिरपं घालायचं. दुसरं टोक हवेतच राहतं. ते बोटाने खाली दाबायचं, आणि त्या टोकाला जी अर्धचंद्रासारखी खाच असते तिथे एक, फक्त एक स्क्रू लावायचा. बोट काढलं की ती स्प्रिंगसारखी वर येते. म्हणजे हजारो रुपयांची वस्तू ज्याच्या भरवशावर बसते, तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान.

मी सेलोटेप लावली. लिहितानाही लाज वाटते, पण लावली.

चाललंही. कॉम्प्युटरला नवी ड्राइव्ह दिसली. मी खुशीत येऊन जुन्या डिस्कवरचे फोल्डर तिकडे हलवायला घेतले, आणि घाईघाईत कॉपी न करता कट केलं. थोड्या वेळाने पडदा गोठला. पुन्हा सुरू केलं तर नवी ड्राइव्ह गायब. कॅबिनेट उघडून बघते तर टेप सुटलेली आणि एसएसडी मान वर करून उभी. काम जोरात चालू असताना ही ड्राइव्ह चांगलीच तापते, साठ-सत्तर अंशांपर्यंतही जाते. त्यात हैदराबादचा मे. टेपचा गोंद किती टिकणार?

जे फोल्डर हलून गेले होते, त्यांत आजीच्या ओव्या होत्या.

आजी उदगीरकडची. लग्न होऊन हैदराबादला आली तेव्हा तिच्याबरोबर जातं आलं होतं म्हणे. पुढे गिरणी आली, जातं गेलं, ओव्या राहिल्या. २०१६ साली मी तिला स्वयंपाकघरात बसवून मोबाइलवर त्या रेकॉर्ड केल्या होत्या. मध्येमध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, आणि "झालं का गं, बंद कर ते" असंही आहे. दोन वर्षांनी ती गेली. तो मोबाइलही गेला. दुसरी प्रत काढायची राहून गेली, कारण ती काय, कधीही काढता आली असती.

बाबांना मी काही सांगितलं नाही. आई त्यांची होती.

पुन्हा टेप लावून बघायची हिंमत नव्हती. आता स्क्रूच हवा होता. घरातला बरणीभर स्क्रूंचा साठा टेबलावर ओतला. कॅबिनेटचे आणि जुन्या हार्ड डिस्कचे जाड स्क्रू तर उघडच मोठे होते. मग पुतण्याच्या मोडक्या खेळण्यातला एक बारीक स्क्रू मिळाला. जाडी बरोबर वाटली. मदरबोर्डवरच्या पितळी खुंटीत लावून बघितला. अर्धा फेरा गेला आणि अडकला. जरा जोर दिला. मग खुंटीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं. पितळेचा कीस. ही खुंटी नुसता आधार नाही, तिच्या आतही आटे असतात, आणि मी ते खरवडत होते. मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी कोठीला गेले. गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात. रेझिस्टर, वायर, सर्किटचे पत्रे, हवं ते. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी माझा मोबाइलमधला फोटो लांब धरून बघितला. "मेडम, ये तो एम टू होना. मेरे पास एम थ्री से छोटा नक्को." त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की मागायचं नक्की काय. एम म्हणजे मेट्रिक, पुढचा आकडा म्हणजे आट्यांसकट बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये. एम टू म्हणजे दोन मिलिमीटर. ड्राइव्हच्या नावातल्या एम डॉट टूशी याचा काहीही संबंध नाही. ज्याने ही नावं ठेवली त्याला कधी दुकानात जाऊन स्क्रू मागावा लागला नसणार.

सुलतान बाजारहून मेट्रोने परेड ग्राउंड, तिथून ऑटोने पार्क लेन. तिथल्या चेनॉय ट्रेड सेंटरला आपण सगळे सीटीसी म्हणतो. खालच्या चकाचक दुकानांत ड्राइव्ह विकायला सगळे तयार, स्क्रू म्हटलं की मान हलवतात. वर एका अरुंद गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणारा एक मुलगा बसला होता. त्याच्याकडे गोळ्यांची रिकामी बाटली होती, मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेल्या स्क्रूंनी भरलेली. त्याने चिमट्याने दोन काढले. "वायफाय कार्ड का इस्क्रू है. सेम रहता." लांबी तीन मिलिमीटर. पैसे विचारले तर हसला. "इत्ते से का क्या लेना?" तीन दिवसांत मला पहिल्यांदा रडू आलं, तेही भलत्याच ठिकाणी.

घरी आले, लावायला घेतला, आणि तो बसेना. माझ्याच पराक्रमाने पहिला आटा बिघडला होता. स्क्रू तिरका जात होता. मी चौथ्यांदा प्रयत्न करत असताना बाबा दारात उभे होते.

"अगं, एका स्क्रूसाठी तीन दिवस तोंड कशाला पाडून बसलीस?"

मग सांगितलं. आजीचं सगळं. कट केलं तेही.

बाबा काही बोलले नाहीत. आत गेले. पत्र्याची ती निळी पेटी खाटेखालून ओढल्याचा आवाज आला. बाबा बालानगरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते, पण निवृत्तीनंतर, आणि विशेषतः मोतीबिंदू वाढल्यापासून, ती पेटी उघडलेली मी पाहिली नव्हती.

"आधी काम बोर्डाच्या बाहेर आण," ते म्हणाले. पितळेचा कण दोन तारांमध्ये पडला तर शॉर्ट होईल, हे त्यांना कॉम्प्युटर न येताही कळत होतं. प्लग काढलेला होताच. त्यांनी बारीक पकडीने ती खुंटी हलकेच फिरवून काढली. ती निघते हेच मला माहीत नव्हतं. मी बोर्डावरचा कीस कोरड्या ब्रशने झटकला. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यांनी व्हर्नियरने स्क्रू मोजला. मग पिच गेजची पाती एकेक करून आट्यांना लावली. त्यांना आकडे दिसत नव्हते, ते मी वाचत होते. पण कोणतं पातं बसलं हे ते बोटांनी सांगत होते.

"पॉइंट चार," मी वाचलं.

"म्हणजे बरोबर आहे. माल चांगला, चूक भोकात आहे."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी जन्मभर विसरणार नाही, निदान स्क्रू लावताना तरी. स्क्रू खुंटीवर उभा ठेवला आणि उलटा फिरवला, सोडवण्याच्या दिशेने. हळूहळू. एका जागी अगदी बारीक 'टक्' झालं. "आता त्याला त्याचं तोंड सापडलं," असं म्हणून तिथून सुलटा फिरवला, नुसत्या बोटांनी. गेला. दोनदा आतबाहेर केला, उरलासुरला कीस कागदावर झाडला. "पहिले दोन फेरे बोटांनी गेले नाहीत तर स्क्रूड्रायव्हर उचलायचाच नाही. जोर शेवटी, तोही मनगटाचा नाही, चिमटीचा."

ड्राइव्हचा पत्रा किती जाड, त्यांनी विचारलं. ०.८ मिलिमीटर. तीनातून ते वजा करून त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "साडेपाच आटे पकडतात. पुष्कळ झाले."

खुंटी परत बसवली. एसएसडी तिरपी सरकवली, मी दाबून धरली, स्क्रू त्यांनी लावला. चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर माझा, हात त्यांचा. कॉम्प्युटर सुरू केला. ड्राइव्ह दिसली. फोल्डर होता. सतरापैकी सोळा फाइल उघडल्या. सतरावी अर्धवट हलवताना मध्येच तुटली असावी, ती शेवटपर्यंत उघडली नाही. कोणत्या ओवीची होती तेही आता आठवत नाही.

बाकीच्या सोळांच्या प्रती त्याच रात्री तीन ठिकाणी ठेवल्या. तुमच्याकडे असं काही असेल तर आज ठेवा. आणि नवा बोर्ड घेतलात तर ती इवलीशी पिशवी फेकू नका. हल्लीच्या काही बोर्डांवर स्क्रूऐवजी फिरवायची प्लॅस्टिकची कडी असते म्हणे. असेल.

पहिली फाइल लावली. कुकरची शिट्टी झाली, मग आजी. बाबा उभ्या उभ्या पूर्ण ऐकत होते. ती संपल्यावर त्यांनी उघड्या कॅबिनेटकडे बोट दाखवलं.

"एवढ्या मोठ्या पट्टीला एकच स्क्रू? निदान दोन तरी द्यायला हवे होते," ते म्हणाले, आणि उरलेला दुसरा स्क्रू पेटीतल्या डबीत टाकला.