पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी म्हाताऱ्यांना टोचायला वापरतो. मला ती हल्ली वेगळ्याच कारणाने छळते. जळलेल्या सुंभाचा पीळ दिसतो खरा, पण बोट लावलं की राख. मग शिल्लक राहिला तो पीळ की नुसता त्याचा आकार?

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानांत गादीवर माझ्या वयाची माणसं बसलेली असतात. आवाज तोच, हिशेब तोच. आतलं कोण बघतं? पुरुषाचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, वयाबरोबर हळूहळू उतरतच असतं. सत्तरीत रिपोर्टवर आकडा 300 ng/dL च्या खाली आला, तर त्याला आजार म्हणायचं की वय?

सोलापूरकराला पीळ म्हटलं की गिरणी आठवते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, पहाटेचा भोंगा. पीळ दिल्याशिवाय कापसाच्या तंतूंचा धागा होत नाही. पीळ वाढवावा तसा धागा मजबूत होतो, पण एका हद्दीपर्यंतच. पुढे तो आखडतो, तुटतो. बारीक सुताला पीळ जास्त लागतो, जाड्याला कमी पुरतो. आणि आपल्या टॉवेलवरच्या फासांचं सूत तर मुद्दाम कमी पिळाचं ठेवतात, म्हणून तो अंगावरचं पाणी टिपतो. हे आठवलं आणि वाटलं, उतारवयाचा पीळही असाच कमी असायचा असेल. पण मग ज्याला अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू?

टेस्टोस्टेरॉनचं औषध खोटं नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या पुरुषांवर झालेल्या ज्या चाचण्या 2016 साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत कामेच्छा थोडी वाढली. थकवा मात्र फारसा हटला नाही. 2023 च्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, तेव्हा मला हायसं वाटलं. पण त्याच चाचणीत हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त आढळल्या, हाडंही जास्त मोडली. हाडं बळकट होतील असंच मी धरून चाललो होतो. आता घ्या म्हणायलाही जीभ रेटत नाही, घेऊ नका म्हणायलाही.

घरातलं कुणी असं मलूल झालं असेल, तर इंजेक्शनाआधी त्याची साखर, वजन, झोप आणि मन यांची चौकशी करा. रक्त तपासायचंच झालं तर सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी तपासा.