पाच सुरांचं अंगण

मुलांनो, एक प्रश्न विचारते. पाठ केलेली कविता घडाघडा म्हणणं आणि मनातली गोष्ट आपल्याच शब्दांत सांगणं, यातलं अवघड काय? तुमच्यातले बहुतेक जण म्हणतील, "बाई, दुसरं!" बरोबर आहे. पाठ केलेलं विसरलं तर पुस्तक उघडून बघता येतं. मनातलं अडलं तर कोणतं पुस्तक उघडणार?

गाण्या-वाजवण्याचंही अगदी असंच असतं बरं का! शिकलेलं गाणं जसंच्या तसं वाजवणं ही एक विद्या, आणि वाजवता वाजवता तिथल्या तिथे नवे सूर सुचणं ही दुसरी. आपले गवई मैफलीत आलाप आणि ताना घेतात, त्या काही घरून लिहून आणलेल्या नसतात. गिटारवाल्यांचंही तसंच. मागे ताल आणि कॉर्ड चालू असतात. एक जण पुढे होतो आणि त्या क्षणी जे सुचेल ते वाजवतो. हा झाला उत्स्फूर्त सोलो.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर जळगावचं. डी.एड. झालं, नोकरी लागली आणि तिशी ओलांडल्यावर मी गिटार हातात घेतली. एक रविवार आड गिटार सांभाळत एस.टी.त बसायचं, पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगाव गाठायचं, सरांकडे तासभर शिकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. वर्षभरात दहा-बारा गाणी बसली. मग एक दिवस सर म्हणाले, "आज गाणं नको. मी कॉर्ड वाजवतो, तुम्ही तुमचं काहीतरी वाजवा." माझी बोटं जागच्या जागी थिजली. तुमचं म्हणजे काय? माझ्याकडे माझं असं काय होतं?

ते कुलूप उघडायला मला दोन वर्षं लागली. एका किल्लीने नाही उघडलं, चार किल्ल्या लागल्या. त्या तुम्हांलाही देऊन ठेवते. गिटार नसली तरी चालेल.

पहिली किल्ली म्हणजे कमी सूर. एका सप्तकात शुद्ध, कोमल, तीव्र मिळून 12 सूर असतात. सरांनी त्यातले 7 बाजूला ठेवले आणि पाचच दिले : सा, रे, ग, प, ध. हे आपल्या भूप रागाचे सूर. पाश्चात्त्य संगीतात याच पाच सुरांना मेजर पेंटॅटॉनिक म्हणतात. बाजारात बावरणारं पोर अंगणात कसं बिनधास्त बागडतं! तसंच माझं झालं. आणि अंगणाबाहेर पाय पडलाच तर? मोजून बघा, बाहेरचा कुठलाही सूर या पाचांपैकी कुणाच्या तरी अगदी शेजारीच असतो. गिटारवर एक घर पुढे किंवा मागे सरकलं, की आपण पुन्हा अंगणात! हे कळलं त्या दिवशी माझी निम्मी भीती पळाली.

दुसरी किल्ली, आधी गळा आणि मग बोट. बोटांना सवयीचे रस्ते असतात. ती बापडी रोजच्याच वाटेने चालत राहतात. म्हणून सर म्हणत, "चार सूर गुणगुणा, आणि जे गुणगुणलात तेच तारेवर शोधा." सुरुवातीला एकेक सूर सापडायला मिनिट मिनिट लागायचं. एका रात्री लाइट गेले होते. अंधारात मी सहज गुणगुणले आणि बोट नेमकं त्या सुरावर जाऊन बसलं. मी दचकलेच! जे मनात होतं तेच तारेतून आलं होतं. तेवढे तीनच सूर मी किती तरी वेळ वाजवत बसले.

तिसरी किल्ली श्वासाची. गाणाऱ्याला दम घ्यायला थांबावं लागतं. गिटारला दम लागत नाही, म्हणून वाजवणारा थांबतच नाही. न थांबता बोलणाऱ्या माणसाचं आपण किती वेळ ऐकतो? अमेरिकेत बी. बी. किंग (1925-2015) नावाचे फार मोठे गिटारवादक होऊन गेले. ते एक ओळ गात, मग गाणं थांबवून गिटारला बोलू देत. जणू प्रश्न गळ्याचा आणि उत्तर गिटारचं! त्यांच्या गिटारचं नाव होतं ल्युसिल. 1949 साली ते वाजवत होते त्या जागेला आग लागली, तेव्हा गिटार आणायला ते जळत्या इमारतीत परत शिरले होते. (तुम्ही असलं धाडस करायचं नाही हं!) त्यांचं वादन ऐकलं की कळतं, सूर थोडे असले तरी चालतात, मधली शांतता जागच्या जागी हवी.

चौथी किल्ली सगळ्यांत गमतीची. भूपाचे तेच पाच सूर घ्या, पण मुक्काम 'ध' वर करा. 'ध' लाच 'सा' माना. एकही सूर बदलला नाही, तरी गाण्याचा चेहराच बदलतो. हसरा भूप जाऊन धानी रागाचे सूर कानावर येतात. कुठून निघालो आणि कुठे परत आलो, यावर सगळं अवलंबून!

शास्त्रज्ञांनीही या कोड्यात डोकं घातलं आहे. 2008 साली अमेरिकेत चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन यांनी 6 जॅझ पियानोवादकांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून छोटा पियानो वाजवायला दिला. उत्स्फूर्त वाजवताना त्यांच्या मेंदूतला स्वतःवर पहारा ठेवणारा भाग शांत झालेला दिसला. म्हणजे मनातला परीक्षक थोडा वेळ बाहेर जाऊन बसतो!

हे वाचलं आणि मला माझा वर्ग आठवला. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. मैदानावर त्याचा आवाज गावभर ऐकू येतो, वर्गात मात्र तोंडाला कुलूप. निबंध लिहायचा तो गाइडमधला, शब्दन् शब्द. एका शनिवारी मी शाळेची पेटी काढली आणि सांगितलं, "फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. चूक होणारच नाही." तो खूप वेळ लांबून बघत होता. शेवटी आला. एक बोट, दोन पट्ट्या, मग तिसरी. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी विचारलं, "कोणतं गाणं रे हे?" तो म्हणाला, "बाई, हाई मनं गानं शे!"

त्यानंतर तो एकदम हुशार झाला, असं काही मी सांगणार नाही. पण पुढच्या निबंधात गाइडमधल्या आईऐवजी त्याची स्वतःची आई आली, कापूस वेचणारी, संध्याकाळी बोटांवरचे ओरखडे दाखवणारी. ओळी चारच होत्या. त्या त्याच्या होत्या.

आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना ओव्या सुचत, त्याही घरच्या बोलीत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून उरल्या. 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं, आणि 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आता नीट बघा, ओवीची चाल त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांकडून मिळाली होती. ती चाल म्हणजे त्यांचं अंगण. त्यात खेळ मात्र त्यांचा स्वतःचा!

म्हणून पालकांनो, पाठांतर वाईट मुळीच नाही. पाढे हवेत, कविता हव्यात, सरगमही घोटायला हवी. त्यातूनच अंगण तयार होतं. पण अंगण सारवून झाल्यावर पोरांना त्यात खेळू द्यायला विसरू नका. आणि खेळताना दर मिनिटाला "हे चुकलं" म्हणू नका.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा खेळ. शाळेतली पेटी किंवा कुणाचा कीबोर्ड मिळवा. तीन काळ्या पट्ट्यांचा गट शोधा. त्यातली पहिली म्हणजे काळी तीन, हा तुमचा 'सा'. आता फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. त्या पाच काळ्या पट्ट्या म्हणजेच भूपाचे पाच सूर! चार सूर गुणगुणा, ते शोधा, थांबा, श्वास घ्या, मग पुढचे चार. कुणी विचारलं कोणतं गाणं, तर काय सांगायचं ते तुम्हांला आता माहीत आहेच.